जुने अमेरिकन फर्निचर: नाव कुणाचे, हात कुणाचा?

पटाशी

१९८९ सालच्या जूनमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात महोगनीचे एक जुने लिहिण्याचे मेज, वरच्या पुस्तकांच्या कपाटासकट, १ कोटी २१ लाख डॉलरला विकले गेले. चित्रांना असल्या किमती येतात हे आपण ऐकून असतो, पण फर्निचरला तोवर लिलावात एवढी किंमत कधी आली नव्हती. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहराचा व्यापारी निकोलस ब्राऊन याच्यासाठी ते शेजारच्या न्यूपोर्ट बंदरात १७६०च्या सुमारास घडवले गेले. पुढे दोनशेहून अधिक वर्षे ते त्याच घराण्यात राहिले, आणि घराण्याच्या जुन्या लाकडी वाड्याच्या दुरुस्तीसाठी पैसा उभा करायचा म्हणून वंशजांनी ते विकायला काढले. लिलावाच्या वेळी ते न्यूपोर्टचा सुतार जॉन गॉडर्ड याच्या हातचे मानले गेले होते. ते तसे कशावरून मानायचे, आणि मानले तरी त्यात एकट्या गॉडर्डचा वाटा किती, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतो आहे.

न्यूपोर्टचे हे काम पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. मेजाचा किंवा कपाटाचा दर्शनी भाग तीन उभ्या पट्ट्यांत विभागलेला असतो. कडेच्या दोन पट्ट्या बाहेर फुगीर आणि मधली आत गेलेली असते, आणि प्रत्येक पट्टीच्या माथ्यावर एक मोठा शिंपला कोरलेला असतो. हा फुगवटा वरून चिकटवलेला नसतो. जाड महोगनीची सलग फळी घेऊन, नको तेवढे लाकूड काढून टाकून तो आणलेला असतो. म्हणजे महागड्या लाकडाचा बराचसा भाग भुशात जातो. आत गेलेला शिंपला त्याच फळीत कोरतात, तर फुगीर शिंपले बऱ्याचदा वेगळे कोरून सरसाने बसवलेले आढळतात. हे काम स्वस्तातले नव्हते याची जाणीव खुद्द कारागिरांनाही होती. १७६३ मध्ये जॉन गॉडर्डने निकोलसचा भाऊ मोझेस ब्राऊन याला लिहिलेल्या पत्रात फुगीर दर्शनी भागाच्या खणांच्या कपाटाचा उल्लेख आहे, आणि ते देखणे असते तसेच खर्चिकही असते, असे त्याने मोकळेपणाने कळवले आहे.

टाउनसेंड आणि गॉडर्ड ही न्यूपोर्टमधली दोन क्वेकर, म्हणजे साधेपणा मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, घराणी. जॉब टाउनसेंडच्या एका मुलीशी जॉन गॉडर्डचे लग्न झाले, दुसरीशी त्याच्या भावाचे. तीन-चार पिढ्यांत मिळून वीसेक सुतार या गोतावळ्यात झाले, आणि ईस्टन्स पॉइंट नावाच्या एकाच वस्तीत त्यांची दुकाने जवळजवळ होती. मापे, फर्मे, उमेदवार आणि जावई असे सगळेच जिथे या दुकानातून त्या दुकानात जात होते, तिथे नक्षीवरून कर्ता ओळखणे अवघड होऊन बसते. जॉन टाउनसेंड मात्र याला अपवाद होता. तो आपल्या कामावर कागदी चिठ्ठी चिकटवत असे आणि काही ठिकाणी सालही लिहीत असे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातले त्याचे शिंपल्यांचे कपाट १७६५चे आहे, हे आज खात्रीने सांगता येते ते त्या चिठ्ठीमुळेच.

चिठ्ठी नसेल तेव्हा जाणकार दर्शनी बाजू सोडून खण बाहेर ओढतात आणि उलटा करून पाहतात. समोरून महोगनी असली तरी खणाच्या बाजू, तळ आणि कपाटाची पाठ यांना सुतार आपल्या गावात मिळणारे स्वस्त लाकूड वापरत असे. बॉस्टनकडे पांढरे पाईन, न्यूपोर्टला चेस्टनट आणि ट्यूलिप पॉप्लर, फिलाडेल्फियात ट्यूलिप पॉप्लर आणि तळाला पांढरे सीडर, दक्षिणेत चार्ल्सटनकडे सायप्रस, आणि तळाशी ओक निघाले तर वस्तू बहुधा इंग्लंडची. न्यूपोर्टच्या खणांवर पेन्सिलीने घातलेली ए, बी, सी अशी अक्षरेही सापडतात. कोणता खण कोणत्या जागी जायचा यासाठी घातलेल्या त्या साध्या खुणा आज हस्ताक्षर म्हणून तपासल्या जातात. गिऱ्हाइकाला दाखवायच्या बाजूवर सगळेच जण एकसारखी नक्षी काढतील, पण न दिसणाऱ्या बाजूला ज्याची त्याची सवय तशीच उमटते. माझ्या मते कर्ता ओळखण्याचा याहून भरवशाचा मार्ग नाही.

अमेरिकेच्या इतर भागांतल्या कारागिरांविषयी ज्यांना माहिती आहे त्यांनी अवश्य भर घालावी.

विसूभाऊ

पटाशीराव, लेख उत्तम आहे, परंतु 'सवय उमटते' हे विधान एकाच माणसाने वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत केली असेल तरच लागू पडते. फिलाडेल्फियाकडे पाहिले तर तसे दिसत नाही. तिथला नामांकित सुतार थॉमस ॲफ्लेक हा स्कॉटलंडहून १७६३ मध्ये आला. जॉन कॅडवॉलडर या धनाढ्य गृहस्थाच्या नव्या घरासाठी त्याने १७७०-७१ मध्ये जे फर्निचर पुरवले, त्याचे बिल आजही उपलब्ध आहे. त्या बिलात टेबले आणि शेकोटीपुढचे आडोसे अशी एकेक वस्तू मांडून झाल्यावर खाली दोन वेगळ्या रकमा लावलेल्या आहेत: रेनॉल्ड्सला कोरीव कामाचे ३७ पौंड, आणि बर्नार्ड व जुगीए या जोडीला त्याच कामाचे २४ पौंडांहून थोडे अधिक. म्हणजे ज्या कोरीव कामासाठी आज लोक त्या वस्तूंसमोर थबकतात, ते ॲफ्लेकने केलेलेच नाही. त्याने ते बाहेरून करून घेतले आणि गिऱ्हाइकाच्या नावे चढवले.

त्याच घरची, केसाळ पंजाचे पाय असलेली एक आरामखुर्ची १९८७ मध्ये साडेसत्तावीस लाख डॉलरला गेली. पाय कातणारा कातारी वेगळा, कोरणारा वेगळा, गादी भरणारा वेगळा, आणि सांगाडा जोडणारे तर बहुतेक वेळा रोजंदारीवरचे कारागीर. मालकाचे नाव हे एका अर्थाने दुकानाच्या पाटीसारखेच समजावे, असे माझे मत आहे.

पटाशी

विसूभाऊ, फिलाडेल्फियापुरते मान्य आहे. न्यूपोर्टची दुकाने मात्र लहान होती, आणि तिथे बाप, मुलगा आणि एखादा उमेदवार यांच्यापलीकडे फारसे हात नसत. शिवाय ॲफ्लेकचे बिल उरले म्हणून रेनॉल्ड्सचे नाव आपल्याला ठाऊक तरी झाले. कागद उरलेला नसतो तेव्हा खणाच्या तळाशिवाय दुसरा साक्षीदार मिळत नाही.

अरुंधती_न

कारागिरांची नावे शोधताना लाकूड कुठून आले हेही पाहायला हवे, असे मला वाटते. १७२१ मध्ये इंग्लंडने आपल्या अमेरिकी वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली, आणि त्यानंतर जमैकाची महोगनी इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर जाऊ लागली. तोवर अक्रोडाची चलती होती. महोगनीच्या फळ्या रुंद, किडीला दाद न देणाऱ्या आणि कोरायला एकसंध असतात, त्यामुळे ज्यांना परवडली त्यांनी अक्रोड सोडला. न्यूपोर्ट आणि बॉस्टनची जहाजे वेस्ट इंडीजला मासे, मेणबत्त्या आणि बांधकामाचे लाकूड घेऊन जात आणि परतताना काकवी, साखर व महोगनी आणत. काही दशकांतच जमैकाची हाताशी असलेली झाडे संपत आली आणि तोड होंडुरासच्या आखाताकडे, म्हणजे आजच्या बेलीझकडे सरकली.

तिथे ही तोड गुलामांकडून करून घेतली जाई. महोगनीची झाडे जंगलात एका जागी नसतात, ती विखुरलेली असतात. म्हणून प्रत्येक टोळीत झाडे हेरणारा एक अनुभवी गुलाम असे. पावसाळ्यात, साधारण ऑगस्टमध्ये, महोगनीच्या पानांचा रंग पालटतो. त्या वेळी तो उंच झाडावर चढून आजूबाजूच्या हिरव्या छतातून तांबूस-पिवळे शेंडे टिपायचा, दिशा डोक्यात पक्की करायचा आणि खाली उतरून टोळीला घनदाट जंगलातून नेमक्या त्या बुंध्यापाशी न्यायचा. बुंध्याचा पाया फार रुंद असल्यामुळे जमिनीपासून बरेच वर माच बांधून झाड तोडत. ओंडके ओढून नदीकाठी आणत आणि पुराच्या पाण्यावर समुद्राकडे सोडत. या माणसाचे कसब कोणत्याही कोरक्यापेक्षा कमी नव्हते, पण त्याचे नाव कोणत्याही बिलात नाही.

ज्या घराण्यासाठी ते मेज घडले, त्याची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. निकोलस आणि त्याच्या तीन भावांच्या पेढीने १७६४ मध्ये 'सॅली' नावाचे जहाज गुलाम आणण्यासाठी पश्चिम आफ्रिकेला पाठवले. खरेदी केलेल्या १९६ माणसांपैकी निदान १०९ जण मेले. याच चौघांतला मोझेस, ज्याला गॉडर्डने ते पत्र लिहिले, तो पुढे क्वेकर झाला आणि गुलामगिरीविरुद्ध उभा राहिला. जॉन नावाचा भाऊ मात्र शेवटपर्यंत त्या व्यापाराची बाजू घेत राहिला. या घराण्याचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने २००६ मध्ये स्वतःच्या इतिहासाचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यात या जलप्रवासाची कहाणी सविस्तर आली आहे.

खडीसाखर

धागा आवडला. एक शंका आहे. इतक्या किमती येत असतील तर बनावट मालही असणारच. तो ओळखतात कसा? संग्रहालये तरी फसत नसतील ना?

पटाशी

खडीसाखर, संग्रहालयेही फसतात, आणि त्यातले एक उदाहरण तर प्रसिद्धच आहे. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समध्ये लेथवर कातलेल्या दांड्यांच्या भारदस्त खुर्च्या बनत. सुरुवातीच्या इंग्रज वसाहतकऱ्यांना घेऊन आलेल्या मेफ्लॉवर जहाजातल्या विल्यम ब्रूस्टरच्या नावावरून त्यांना ब्रूस्टर खुर्ची म्हणतात, आणि अस्सल नमुने अगदी मोजके आहेत. ऱ्होड आयलंडचा शिल्पकार आर्मंड लामोंटॅन याने तज्ज्ञांची परीक्षा पाहायची म्हणून १९६९ मध्ये अशी एक खुर्ची स्वतः बनवली, तिची हेतुपुरस्सर झीज केली, रंगाचे थर चढवून उडवले, आणि ती कुणाला तरी सापडेल अशी व्यवस्था केली. व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९,००० डॉलरला घेतली. १९७७ मध्ये गौप्यस्फोट झाला तेव्हा त्याच्याकडे पुरावा तयार होता. दांड्या जिथे बसतात ती भोके त्याने मुद्दाम आधुनिक ड्रिलने पाडली होती. जुन्या गिरमिटाचे भोक तळाशी वेगळ्या आकाराचे असते, आणि क्ष-किरणांखाली तो फरक लपत नाही. संग्रहालयाने खुर्ची फेकली नाही, हे मला विशेष वाटते. नकली वस्तू कशी ओळखावी हे शिकवण्यासाठी ती ठेवून घेतली आहे.

नेहमीच्या खुणांपैकी माझी आवडती खूण लाकडाच्या आकुंचनाची आहे. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, पण रेषांना आडवे मात्र आकसते. अडीचशे वर्षांपूर्वी कंपासने आखलेले गोल टेबल आज मोजले तर एका दिशेने किंचित कमी भरते. वर्तुळ अचूक निघाले तर संशय घ्यावा. करवतीच्या खुणाही बोलतात. सरळ समांतर ओरखडे जुन्या करवतीचे असतात, तर कमानदार ओरखडे गोल करवतीचे असून ते साधारण १८३०नंतरच दिसू लागतात. खणाच्या तळावरून हात फिरवल्यावर रंध्याने काढलेल्या उथळ पन्हळी बोटांना लागल्या तर बरे वाटते, कारण न दिसणारी बाजू गुळगुळीत करण्यात वेळ घालवणारा सुतार त्या काळी क्वचितच होता.

आता विंडसर खुर्चीविषयी थोडे, कारण तिच्यात आकुंचनाचा हाच गुण कारागिरांनी कामाला लावला आहे. फिलाडेल्फियात अठराव्या शतकात ही खुर्ची फार लोकप्रिय झाली, आणि तिथल्या सभागृहालाही फ्रान्सिस ट्रंबलने विंडसर खुर्च्या पुरवल्या होत्या. बसायची फळी पाईन किंवा पॉप्लरची जाड आणि मऊ, पाय मेपलचे कातलेले, आणि पाठीच्या बारीक काड्या हिकरीच्या. या काड्या करवतीने कापत नाहीत. ओंडका पाचर मारून उकलतात आणि रेषेबरोबर तासतात, त्यामुळे बोटाएवढी काडीही माणसाचा भार सहज पेलते. पाय जोडणाऱ्या आडव्या दांड्यांची टोके आधी चांगली वाळवतात, तर पाय जरासे ओलसर ठेवतात. कोरडे टोक ओलसर भोकात ठोकले की काही आठवड्यांत भोक आकसून त्याला आवळते आणि टोक हवेतला ओलावा घेऊन फुगते. खिळा लागत नाही. तीन-चार प्रकारच्या लाकडांचे रंग जुळत नाहीत म्हणून खुर्ची रंगवत, आणि तो रंग बहुधा हिरवा असे. जोसेफ हेन्झीसारखे कारागीर फळीच्या खालच्या बाजूला आपल्या नावाचा तापवलेला ठसा उमटवत. मोठमोठ्या मेजांवर नाव सापडत नाही, आणि सामान्यांच्या खुर्चीवर ते भाजून काढलेले असते!

रॅलीकर

नावाचाच विषय आहे तर नॉर्थ कॅरोलिनाच्या थॉमस डेविषयी लिहितो. व्हर्जिनिया राज्याच्या सीमेला लागून मिल्टन नावाचे एक लहान गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे तंबाखूचे पीक, गोदामे आणि बागाईतदारांचे वाडे यांची भरभराट होती. थॉमस डे हा १८०१ मध्ये व्हर्जिनियात जन्मला. आईवडील स्वतंत्र कृष्णवर्णीय होते आणि वडीलही सुतारच होते. १८२०च्या दशकात तो मिल्टनला आला, आणि १८५०पर्यंत त्याचे दुकान संपूर्ण राज्यात सर्वांत मोठे झालेले होते. १८४८ मध्ये त्याने गावातली युनियन टॅव्हर्न ही विटांची मोठी इमारत विकत घेतली आणि तिथे राहणे व कारखाना असे दोन्ही थाटले.

त्याच्या नावाला गावात किती किंमत होती याचा लेखी पुरावा आहे. बाहेरच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी राज्यात येऊन राहू नये असा कायदा नॉर्थ कॅरोलिनाने नुकताच केला होता. १८३० मध्ये डेने व्हर्जिनियातल्या अक्विला विल्सनशी लग्न केले, तेव्हा तिला घरी आणणे बेकायदेशीर ठरले. मिल्टनच्या गोऱ्या नागरिकांनी विधिमंडळाकडे अर्ज केला, राज्याचे महाधिवक्ता रोम्युलस सॉन्डर्स यांनी त्याच्या सचोटीची ग्वाही दिली, आणि केवळ या एका स्त्रीसाठी खास कायदा मंजूर झाला. डे राज्य सोडून गेला तर आपले फर्निचर कोण करणार, हा विचार त्या अर्जामागे होता असे मानायला जागा आहे.

मी त्याच्या हातचे जिन्याचे खांब पाहिले आहेत. त्या काळातल्या ग्रीक वळणाच्या घरांत जिन्याच्या पायथ्याशी साधा कातलेला खांब असायचा. डेने तिथे इंग्रजी एस अक्षरासारखे मोठे वळण घेणारी जाड फळी उभी केली, आणि कठड्याची पट्टी तिच्या माथ्यावर आणून वळवली. पायऱ्यांच्या कडेलाही लाटांसारखी कापीव नक्षी असते. यातले काहीही नमुन्यांच्या पुस्तकातून जसेच्या तसे उचललेले नाही. चिठ्ठी नसली तरी ही वळणे पाहिल्याबरोबर हे त्याच्याच दुकानातून आलेले काम आहे हे ओळखता येते, म्हणून पटाशी यांचे 'न दिसणारी बाजू अधिक भरवशाची' हे मत मला इथे पटत नाही.

विसूभाऊ

रॅलीकर, १८५०च्या जनगणनेत याच थॉमस डेच्या नावे १४ गुलाम नोंदलेले आहेत. ते सांगायचे राहून गेले काय?

रॅलीकर

राहून गेले नाही, पुढच्या प्रतिसादात लिहिणारच होतो. त्याच्या दुकानात गोरे रोजंदार, शिकाऊ उमेदवार आणि गुलाम असे तिन्ही प्रकारचे लोक एकत्र काम करत होते. काही अभ्यासक म्हणतात की त्या समाजात टिकून राहण्यासाठी आणि गोऱ्या गिऱ्हाइकांना आपण त्यांच्या व्यवस्थेच्या बाहेरचे नाही हे दाखवण्यासाठी त्याने गुलाम बाळगले. काही म्हणतात की मोठ्या कारखान्याला स्वस्त मनुष्यबळ हवे होते, एवढेच. त्याच माणसाने आपल्या मुलांना शिक्षणासाठी उत्तरेत मॅसॅच्युसेट्सला पाठवले. त्याचा भाऊ जॉन लायबेरियाला गेला, १८४७ मध्ये तिथल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याने सही केली आणि पुढे तो त्या देशाचा सरन्यायाधीश झाला. या गोष्टी एका माणसात आणि एका घरात कशा नांदल्या, याचे एका वाक्यातले उत्तर देण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र ते १४ जण पटाशी धरून कामाला उभे असतील, तर ज्या वळणांना आपण 'डेची वळणे' म्हणतो ती त्यांच्याही हातची आहेत, हे विसूभाऊंचे म्हणणे मला मान्य करावे लागते.

१८५७च्या आर्थिक मंदीत त्याचा धंदा बुडाला, आणि १८६१च्या सुमारास तो वारला. मिल्टनच्या प्रेस्बिटेरियन चर्चमधली बाके त्याने केली, आणि त्या बदल्यात आपल्या कुटुंबाला गोऱ्यांच्या भागात बसू देण्याची अट घातली, अशी दंतकथा गावात सांगतात. दंतकथा म्हणूनच ती इथे नोंदवतो.

शर्वरी_अल्बनी

शेकर या ख्रिस्ती पंथाचा उल्लेख अजून कुणीच केला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण त्यांनी या धाग्याच्या प्रश्नावर चक्क नियमच केला होता. ॲन ली ही इंग्लंडमधून १७७४ मध्ये आली, आणि तिच्या अनुयायांनी पुढे न्यूयॉर्क राज्यात न्यू लेबनन इथे आणि इतरत्र वसाहती वसवल्या. ब्रह्मचर्य, सामाईक मालमत्ता आणि श्रम हीच उपासना, अशी त्यांची शिस्त होती. १८४५च्या त्यांच्या नियमावलीत निव्वळ शोभेच्या गोलट्या आणि नक्षीपट्ट्या करण्यास मनाई आहे. पुढे आपले काम लोकांना ओळखता यावे म्हणून कुणीही वस्तूवर स्वतःचे नाव लिहू नये, असेही त्यात स्पष्ट बजावलेले आहे. नियम करावा लागला, याचा अर्थ लोक नावे लिहीत होते. आणि तशी काही कपाटे सापडलीही आहेत.

पण याच पंथाने पुढे नाव राखण्यासाठी काय केले ते पाहा. माउंट लेबननला (न्यू लेबननच्या वसाहतीचेच हे पुढचे नाव) ब्रदर रॉबर्ट वॅगन याने खुर्च्यांच्या धंद्याची सूत्रे हाती घेतली, १८७२च्या सुमारास नवा कारखाना उभारला, आणि खुर्च्या शून्यापासून सातपर्यंतच्या क्रमांकांनी विकायला सुरुवात केली. शून्य क्रमांक लहान मुलाचा, सात सर्वांत मोठा. छापील सूचीपत्रे निघाली आणि १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात खुर्च्या मांडल्या गेल्या. मागणी एवढी वाढली की इतर कारखाने नक्कल करू लागले, म्हणून अस्सल खुर्चीवर सोनेरी छापाचे बोधचिन्ह लावून ते पाहूनच खरेदी करा असे गिऱ्हाइकांना सांगावे लागले. व्यक्तीचे नाव पुसणाऱ्यांनी पंथाचे नाव मात्र मुद्रेसारखे उमटवले. मला यात ढोंग दिसत नाही. ज्या समाजात सगळेच सामाईक आहे तिथे नावही सामाईक असणार.

खुर्ची स्वतः पाहावी अशीच आहे. पाठीला आडव्या तीन-चार पट्ट्या, बैठकीला कापडी पट्ट्यांची उभी-आडवी वीण, आणि वजन इतके कमी की झाडलोट करताना ती भिंतीवरच्या खुंटीला अडकवून ठेवत. सर्वांत हुशारीची गोष्ट मागच्या पायांच्या टोकाशी असते. माणसे खुर्ची मागे रेलून बसतात, त्यामुळे पायाच्या कडेचा जमिनीला ओरखडा पडतो. म्हणून पायाच्या तळाला वाटीसारखी खोबण करून तिच्यात खालून सपाट असा अर्धगोल लाकडी गोळा चामड्याच्या वादीने बसवला. खुर्ची कितीही कलली तरी गोळ्याचा सपाट भाग जमिनीलाच टेकून राहतो. १८५२ मध्ये जॉर्ज ओडॉनेल या ब्रदरने याच कल्पनेचे धातूचे रूप काढून चक्क पेटंट घेतले, आणि तेही स्वतःच्या नावाने.

अभ्यंकर

या कारागिरांचा भारताशी संबंध आला आहे काय, असा प्रश्न मनात होता. दोन उदाहरणे खात्रीची आहेत.

पहिले लॉकवुड डी फॉरेस्टचे. हा न्यूयॉर्कचा चित्रकार आणि लुई कम्फर्ट टिफनीचा व्यवसायातला भागीदार. १८८०-८१ मध्ये तो मधुचंद्रासाठी मुंबईमार्गे हिंदुस्थानात आला, अहमदाबादच्या हवेल्यांचे कोरीव सज्जे पाहून हरखला, आणि हठीसिंग घराण्यातल्या मगनभाईंच्या बरोबरीने त्याने तिथे लाकूड कोरण्याचा कारखाना काढला. अहमदाबादच्या मिस्त्रींनी कोरलेल्या सागवानी तक्तपोशी जहाजाने न्यूयॉर्कला जात आणि तिथल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत बसवल्या जात. अँड्र्यू कार्नेगीच्या वाड्यातली त्याने सजवलेली खोली आज कूपर ह्यूइट संग्रहालयात आहे. त्याच्या स्वतःच्या घराचा कोरीव सागवानी सज्जा न्यूयॉर्कच्या पूर्व १०व्या रस्त्यावर ७ क्रमांकाच्या इमारतीवर रस्त्यावरून जाता-येता दिसतो. 'डी फॉरेस्टचे काम' म्हणून जे ओळखले जाते ते कोरणाऱ्या मिस्त्रींची नावे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला सहसा सांगितली जात नसत, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे जॉर्ज नाकाशिमाचे. जपानी आईवडिलांचा हा मुलगा १९०५ मध्ये वॉशिंग्टन राज्यात स्पोकेनला जन्मला आणि शिकला वास्तुकला. टोकियोत वास्तुकार अँटोनिन रेमंडच्या कचेरीत असताना पाँडिचेरीला श्रीअरविंदांच्या आश्रमात गोलकोंड नावाची निवासवास्तू बांधायची ठरली, आणि नाकाशिमा त्या कामावर देखरेखीसाठी गेला. १९३९पर्यंत तो तिथेच साधकांबरोबर राहिला, आणि श्रीअरविंदांनी त्याला 'सुंदरानंद' हे नाव दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या इतर अमेरिकनांबरोबर त्यालाही आयडाहोच्या मिनिडोका छावणीत डांबण्यात आले. तिथे गेंतारो हिकोगावा या जपानी पद्धतीच्या सुताराबरोबर टाकाऊ लाकडावर काम करताना त्याचा हात घडला. १९४३ मध्ये रेमंडने जामिनकी घेतल्यावर तो सुटला आणि पेनसिल्व्हेनियात न्यू होपला स्थायिक झाला. झाडाची नैसर्गिक कड तशीच ठेवलेल्या अक्रोडाच्या फळ्या, आणि भेग पडलेली फळी टाकून न देता तिच्यावर बसवलेली फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर, ही त्याची ओळख झाली. १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्याने फर्निचर आखून दिले आणि ते तिथेच घडवले गेले.

या धाग्याशी जुळणारी गोष्ट अशी की त्याच्या टेबलांच्या आणि खुर्च्यांच्या खालच्या बाजूला बरीच वर्षे काळ्या शाईने नाव लिहिलेले असे ते गिऱ्हाइकाचे. कोणती फळी कुणासाठी काढून ठेवली आहे हे कारखान्यात कळावे म्हणून ते लिहीत. स्वतःची सही तो पुढच्या काळात करू लागला. त्यामुळे आज लिलावाच्या सूचीत 'खाली अमुक गिऱ्हाइकाचे नाव' हाच अस्सलपणाचा पुरावा म्हणून छापला जातो.

खडीसाखर

सर्वांचे आभार. पुढच्या उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्यावर जाणे होणार आहे. यातले काय काय पाहता येईल?

पटाशी

न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटनचा अमेरिकन विभाग पाहा. टाउनसेंडचे १७६५चे कपाट तिथलेच, आणि न्यूयॉर्कचा जुना नामांकित सुतार डंकन फाइफ याच्या खुर्च्याही तिथेच दिसतील. डेलावेअरमध्ये विंटरथर हा हेन्री फ्रान्सिस डू पाँट यांचा वाडा १९५१पासून संग्रहालय आहे. तिथे १७५ खोल्या जुन्या फर्निचरने मांडलेल्या आहेत, त्यामुळे अख्खा दिवस हाताशी ठेवा. शेकर काम पाहायचे तर मॅसॅच्युसेट्समध्ये हॅनकॉकला जावे. ऱ्होड आयलंडच्या कारागिरांपुरते बोलायचे तर येल विद्यापीठाच्या कलादालनाने १६५० ते १८३० या काळातल्या फर्निचरची आणि सुतारांची एक सूची इंटरनेटवर सर्वांना खुली ठेवली आहे. एखाद्या वस्तूवर चिठ्ठी, सही किंवा खडूची खूण असेल तर तिचा मजकूर तिथे दिलेला असतो, शिवाय ती वस्तू कुणाकुणाच्या मालकीची होती तेही कळते. जाण्याआधी ती चाळून घ्या; संग्रहालयात कुणी आपल्याला खण उलटा करून दाखवत नाही.